फुली मारून निवडलेला धंदा

आराखडे काढण्याची विद्या किंवा यंत्रविद्या दुरूनच, घरबसल्या शिकविणाऱ्या आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक पूर्वज अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कोळसाखाणींत सापडतो. 1869 मध्ये तेथील ॲव्हनडेल खाणीच्या दुर्घटनेत 110 जण दगावल्यानंतर खाणसुरक्षेचे कायदे होऊ लागले आणि 1885 च्या कायद्याने ॲन्थ्रासाइटच्या, म्हणजे कठीण जातीच्या कोळशाच्या, खाणींतील मुकादमांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविणे भाग पडले. दिवसभर भूगर्भात राबणाऱ्याला शाळा गाठणे अशक्य असल्याने, खाणविषयक नियतकालिक चालविणाऱ्या थॉमस फॉस्टर यांनी त्यात प्रश्नोत्तरांचे सदर सुरू केले आणि 1891 मध्ये स्क्रँटन येथून टपाली अभ्यासक्रम काढला. पुढे हीच संस्था इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स या नावाने गाजली.

विषयाचे तुकडे पाडून लहान पुस्तिका धाडायच्या, शेवटच्या प्रश्नांची उत्तरे टपालाने मागवायची, ती तपासून परत करायची आणि मगच पुढचा पाठ द्यायचा, अशी ही पद्धत होती. खाणकामामागोमाग यांत्रिक आरेखन, म्हणजे यंत्राच्या भागांचे मापाबरहुकूम नकाशे काढण्याची विद्या, शिकविली जाऊ लागली आणि कारखान्यात हात काळे करणाऱ्याला आरेखनकक्षातील टेबल गाठण्याची वाट दिसली. पुढे मोटारी बनविणारे वॉल्टर क्रायस्लर रेल्वेच्या यंत्रशाळांत कारागीर असताना याच संस्थेचे पाठ गिरवीत होते; अर्थात जाहिरातीला असे विद्यार्थी सोयीचे असतात.

निवडीचा भाग मात्र फारच घाईचा होता. नियतकालिकांतील जाहिरातीखाली व्यवसायांची लांबलचक यादी असलेले कूपन छापले जाई आणि वाचकाने हव्या त्या व्यवसायापुढे फुली मारून ते पाठवायचे असे. आपल्याला काय व्हायचे आहे एवढेच त्यात विचारलेले असे, आपल्याला काय येते हा प्रश्न नसे. त्यानंतर फिरता विक्रेता दारी येऊन हप्त्यांचा करार करी. बहुसंख्य विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडीत. पण करार झालेला असल्याने आणि सोडून गेलेल्याची उत्तरे तपासण्याचा खर्च वाचत असल्याने संस्थेला त्याची झळ फारशी बसत नसे, किंबहुना हिशेब त्यावरच जुळे. एखाद्याचा अंकगणिताचा पाया आरेखनाला पुरेल की नाही, ही चौकशी समोरासमोर करू शकणारा एकमेव माणूस म्हणजे तो विक्रेता, आणि त्याची कमाई नव्या नोंदणीवर अवलंबून होती.