‘बापूजींचा टिळकग्रंथ’

१२. मूळ लेखात हा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. ग्रंथाचे नाव ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’; लेखक लोकनायक बापूजी, म्हणजे माधव श्रीहरी अणे. जन्म वणीचा, १८८० सालचा, वकिली यवतमाळात. पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी १९३० साली कायदा मोडला, हे जिल्ह्यात अजून सांगितले जाते. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मात्र त्या मानाने झाकलेलाच राहिला.

टिळकांसोबत काम केलेल्या माणसाने त्यांच्यावर मराठीत आठवणी लिहिल्या असत्या, तर ते स्वाभाविक होते. बापूजींनी उतारवयात काही हजार श्लोकांचे संस्कृत महाकाव्य रचले. त्यातल्या प्रकरणांना ‘तरंग’ म्हटले आहे. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ आणि सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ यांचीही विभागणी तरंगांतच आहे. खटले, तुरुंग, वर्तमानपत्रे हा विसाव्या शतकाचा ऐवज त्यांना या जुन्या घाटात बसवावासा वाटला. त्यामागे टिळकांवरची निष्ठा तर होतीच; पण आयुष्यभर मुरलेले वाचनही तितकेच होते, असे आमचे मत आहे. मंडालेच्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या गुरूचे चरित्र संस्कृतातच मांडावे, ही ओढ आम्हाला फार मोलाची वाटते.

बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी गेले. या ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार (संस्कृत) मरणोत्तर मिळाला. — संपादक