रियुनियनचा डीजे नेमकं काय करतो? गाणी, आवाज आणि रात्री १० चा नियम

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, हरवलेले नंबर सापडतात, कॉन्ट्री ठरते आणि मग प्रश्न येतो, "डीजे कोणाला सांगायचा?" नागपुरात दिवाळीच्या सुट्ट्या आणि डिसेंबरचा शेवट हा अशा स्नेहमेळाव्यांचा खरा हंगाम. पुणे, मुंबई, बंगळुरू आणि परदेशात गेलेले नागपूरकर तेव्हाच घरी येतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लॉनवर कोण नाचणार? त्यात डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलच्या खोल्या मिळणंही अवघड होतं. त्यामुळे हॉल, केटरर आणि डीजे बरेच आधी ठरवावे लागतात.

पण लग्नात वाजवणारा डीजे रियुनियनमध्ये चालेलच असं नाही. फरक कुठे आहे, ते पाहू.

लग्न वेगळं, रियुनियन वेगळं

लग्नाच्या संगीतात नाच बसवलेले असतात, घरचे लोक आधीच उत्साहात असतात. रियुनियनमध्ये पहिला तासभर लोक एकमेकांचे चेहरे ओळखत असतात. शाळेत मुलं एका रांगेत आणि मुली दुसऱ्या रांगेत बसायच्या. तो संकोच पन्नाशीतही लगेच जात नाही.

शिवाय कार्यक्रमाचा पहिला भाग बहुतेक वेळा शिक्षकांचा असतो. शाल, श्रीफळ, मनोगत, कधी शाळेची प्रार्थना, कधी हजेरीपट. सत्तरी-ऐंशीतले सर आणि बाई जेवून निघेपर्यंत आवाज खालीच ठेवावा लागतो. या वेळात डीजेचं मुख्य काम म्हणजे माइक नीट चालू ठेवणं. शिट्टी मारणारा माइक असेल, तर सरांचं भाषण कोणाच्याच लक्षात राहत नाही.

गाणी कशी निवडतात?

हिशोब सोपा आहे. दहावीचं वर्ष घ्यायचं आणि पाचवीपर्यंत मागे जायचं. माणसाला आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त ठळक आठवतात, असं स्मृतीचा अभ्यास सांगतो. गाण्यांचंही तसंच आहे.

* २००० ची बॅच पाचवीत होती १९९४-९५ मध्ये. म्हणजे 'हम आपके हैं कौन' (१९९४), 'रंगीला' (१९९५), 'दिल तो पागल है' (१९९७), 'कुछ कुछ होता है' (१९९८). 'कहो ना प्यार है' आला जानेवारी २००० मध्ये, बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना!
* १९८५ च्या बॅचसाठी 'कुर्बानी' (१९८०), नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' (१९८१), 'डिस्को डान्सर' (१९८२), 'हिम्मतवाला' (१९८३).

'सैराट'ची (२०१६) गाणी कुठेही लोकांना उठवतात, पण ती या वर्गाची आठवण नाही. म्हणून ती शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली बरी.

इथे एक तांत्रिक अडचण येते. दोन गाणी जोडताना डीजे त्यांचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, जुळवतो. आजची गाणी कॉम्प्युटरच्या तालावर बनतात, त्यामुळे ठोका हलत नाही. जुनी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली. त्यांची लय मध्येच किंचित वाढते किंवा उतरते. सॉफ्टवेअरचं 'सिंक' बटण तिथे फसतं. जाणता डीजे अशी गाणी ओढूनताणून मिसळत नाही. कडवं संपलं की सरळ पुढचं गाणं सुरू करतो. रिमिक्सपेक्षा मूळ गाणंच लावतो, कारण लोकांना ते सुरुवातीच्या म्युझिकसकट पाठ असतं.

आवाज किती हवा?

रियुनियनला लोक मुख्यतः बोलायला येतात. त्यामुळे स्पीकर नाचायच्या जागेकडे तोंड करून हवेत, जेवणाच्या टेबलांकडे नव्हे. टेबलावर ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे, एवढं साधं माप पुरतं.

कानांचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. पाहुणे तिथे एक संध्याकाळ असतात, डीजे मात्र हंगामभर स्पीकरशेजारी उभा असतो. इअरप्लग ही त्याच्यासाठी चैन नाही, पोटापाण्याची सोय आहे.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत तो वाजवता येत नाही. बंदिस्त बँक्वेट हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला सूट आहे. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे लॉनवर कार्यक्रम असेल तर नाच साडेआठला तरी सुरू झाला पाहिजे. भाषणं लांबली की कात्री नाचालाच लागते.

शाळेच्याच मैदानावर कार्यक्रम करायचा असेल तर आणखी जपा. जाहीर शांतता क्षेत्रात मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल इतकी कमी आहे.

दुसरा मुद्दा कॉपीराइटचा. १९५७ च्या कायद्यात धार्मिक विधी आणि लग्नाच्या समारंभांना सूट आहे. रियुनियन त्यात मोडत नाही. त्यामुळे गाण्यांचा परवाना कोण घेणार, हॉल की आयोजक, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

डीजे ठरवताना हे सांगून ठेवा

* बॅचचं वर्ष, शाळेचं माध्यम आणि साधारण किती जण येणार.
* फर्माइशी कोणा एकाकडूनच जातील. साठ जण साठ गाणी सांगू लागले की कार्यक्रम हातातून गेलाच.
* पैशात काय काय येतं? साउंड, लाइट, वाहतूक, मदतनीस, जनरेटर. किती तास, आणि अ‍ॅडव्हान्स किती.
* गाणी ऑफलाइन आहेत ना? शहराबाहेरच्या लॉनवर नेटवर्कचा भरवसा नसतो.
* आणि सर्वात महत्त्वाचं, जे वर्गमित्र आज हयात नाहीत त्यांची नावं आणि श्रद्धांजलीची वेळ.

हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. पडद्यावर जुने फोटो येतात, दोन मिनिटं शांतता होते, आणि डीजेला काहीच माहीत नसल्यामुळे लगेच ढोल सुरू होतो. कधी एखादं गाणं नेमकं गेलेल्या मित्राचं असतं. ते टाळायचं की मुद्दाम लावायचं, हे वर्गानेच ठरवायचं असतं. पण डीजेच्या कानावर ते आधी गेलेलं हवं. मौनानंतर त्याने काही मिनिटं नुसतं हळू वाद्यसंगीत ठेवलं, तरी लोक आपणहून एकमेकांशी बोलू लागतात.