स्नायुशोथ : रुग्णांचे जीवनमान (शिवाजी पार्क परिसर)

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटल्याने होणाऱ्या चिवट, दीर्घकालीन विकारांचा गट. डॉक्टर आणि रुग्ण बोलताना ‘मायोसायटिस’च म्हणतात. त्वचा-स्नायुशोथ (डर्मॅटोमायोसायटिस), बहुस्नायुशोथ (पॉलिमायोसायटिस), स्नायुपेशींचा नाश करणारा प्रकार आणि उतारवयात मांड्या व बोटांची पकड दुबळी करणारा ‘इन्क्लुजन बॉडी’ प्रकार हे त्यांतील प्रमुख. बहुस्नायुशोथ हा वेगळा रोग मानावा की नाही, याबद्दल अलीकडे तज्ज्ञांत मतभेद आहेत. रोग विरळा असून एकंदरीत स्त्रियांत अधिक आढळतो. ‘इन्क्लुजन बॉडी’ प्रकार मात्र पुरुषांत जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये अभिनेत्री समंथा रूथ प्रभू यांनी आपला आजार जाहीर केल्यावर हे नाव मराठी वृत्तपत्रांत रुळले. अमिताभ बच्चन यांना झालेला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्वयंप्रतिकारक असला तरी वेगळा रोग आहे. त्यात बिघाड मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर असतो.

लक्षणे : बहुतेक प्रकारांत दुबळेपणा खांदे व मांड्यांत, दोन्ही बाजूंना सारखा, आठवड्या-महिन्यांत वाढत जातो. दुखणे असेलच असे नाही; त्यामुळे ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ यात पहिले काही महिने जातात. त्वचा-स्नायुशोथात पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर पुरळ दिसते. फुप्फुसे व गिळण्याचे स्नायू यांतही रोग शिरू शकतो. प्रौढांत काही वेळा कर्करोगही सोबत आढळतो, म्हणून त्याचा शोध घेतात.

जीवनमानाचे मोजमाप : रक्तातील सीके (क्रिएटिन कायनेज) हे विकर उतरले की घरचे लोक निश्चिंत होतात. रुग्णाचे गाऱ्हाणे मात्र तेव्हाही तेच असू शकते, कारण दाह शमला तरी झिजलेला स्नायू लगेच भरून येत नाही. म्हणून स्नायूंचे बळ हाताने तपासून गुण देतात. प्रचलित ‘एमएमटी-८’ पद्धतीत आठ स्नायुगटांना प्रत्येकी १० असे ८० गुण असतात. याखेरीज ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजतात. या चाचणीची खुर्ची साधारण ४३ सेंमी. उंच असते, पाट दोन-तीन इंचांचा. खुर्चीवरून बऱ्यापैकी उठणारा रुग्ण पाटावरून उठू शकेलच असे नाही, आणि पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत पाट नाही. संधिवाताच्या रुग्णांसाठी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ प्रश्नांच्या भारतीय प्रश्नावलीत उकिडवे बसणे आले. स्नायुशोथाच्या रुग्णालाही तोच प्रश्न आधी विचारावा.

जमिनीवरून उठताना रुग्ण आधी कुशीवर वळतो, ओणवा होतो, हात पुढे टेकून ढुंगण वर काढतो आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा ताठ होतो. विल्यम गॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकात लहान मुलांच्या स्नायुविकारात वर्णिलेली हीच खूण. देवापुढे मांडी घालणे, विळीवर नारळ खोवणे, भारतीय पद्धतीचा संडास, सगळ्यांचा शेवट या उठण्यात होतो. खांद्यांची अडचण वेगळी. वेणी घालता येत नाही, आणि छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणे तर बहुतेकींचे सर्वांत आधी सुटते.

परिसर : मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये खुल्या केलेल्या या मैदानाला १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, शिवाजी पार्क हे नाव मिळाले. भोवतीच्या जुन्या इमारती मुख्यतः १९३० व १९४० च्या दशकांतल्या, दोन-तीन मजल्यांच्या. त्यांतल्या अनेक विनालिफ्टच्या. हवा, उजेड, रुंद गॅलरी सारे उत्तम. पण जिना चढणे ही मांडीची सर्वांत कठीण परीक्षा, आणि खांदेही दुबळे असल्याने कठड्याला धरून अंग ओढून घेणेही साधत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा रुग्ण महिनोन्‌महिने खाली उतरत नाही, याचे कारण रोगाइतकेच जिनाही असतो.

मैदानाभोवतीचा फेरा सव्वा किलोमीटरच्या आत आहे. रस्ता सपाट आणि दर काही पावलांवर टेकायला कट्टा, ही सोय शहरात क्वचितच आढळते. कट्टा मात्र ठेंगणा. त्यावर बसलेल्या रुग्णाला उठताना हात द्यावा लागतो. त्वचा-स्नायुशोथात उन्हाने पुरळ भडकते, म्हणून फेरी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारावी. मैदानाच्या लाल मातीची धूळ ही रहिवाशांची जुनी तक्रार. फुप्फुसे बाधित असलेल्यांनी धुळीच्या दिवसांत तोंडावर मास्क लावावा.

प्रवास : शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीची बैठक रिक्षेहून खोल, बाहेर पडणे अवघड. दादर स्थानकाचे गर्दीचे, जिन्यांचे पूल सर्वश्रुत आहेत. मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची दादर व शीतलादेवी मंदिर ही स्थानके लिफ्टसह सुरू झाली.

उपचार : प्रेडनिसोलोन हे पहिले औषध. त्याने चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे तर होतेच, शिवाय दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मांडीचे स्नायूही दुबळे होतात. मग दुबळेपणा रोगाचा की गोळीचा, हे ठरवणे डॉक्टरांनाही जड जाते. ती मात्रा कमी करता यावी म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट जोडतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा. प्रतिकारशक्ती दबल्याने सुप्त क्षयरोग डोके वर काढू शकतो. शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम. ६० किलोच्या व्यक्तीला एका फेरीस १२० ग्रॅम लागते आणि खर्च लाखांत जातो. रिटुक्सिमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती २००७ पासून मिळते. ‘इन्क्लुजन बॉडी’ प्रकार या औषधांना सहसा दाद देत नाही. जवळची मोठी रुग्णालये : माहीमचे हिंदुजा, परळचे केईएम.

व्यायाम व व्यवसायोपचार : ‘पूर्ण विश्रांती’ हा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. १९९० च्या दशकापासून, विशेषतः स्टॉकहोम येथील अभ्यासांनी, बेताचा व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखवले. तेथील घरगुती कार्यक्रमात आठवड्यातून पाच दिवस १५ मिनिटे व्यायाम व १५ मिनिटे चालणे होते. रोग ऐन भरात असताना किती करावे, यावर मतभिन्नता आहे.

दैनंदिन कामे पुन्हा जमवून देण्याचे शास्त्र भारतात परळलाच रुजले. अमेरिकेत जन्मलेल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. १९५२ मध्ये या शास्त्राची जागतिक संघटना झाली, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. तरीही रुग्णाला गोळ्यांची यादी मिळते, व्यवसायोपचारकाचे नाव मिळत नाही. वास्तविक कमोडची बैठक उंच करणे, भिंतीला दांडी बसवणे, पलंगाच्या पायांखाली ठोकळे देणे, पुढून उघडणारे कपडे, ओट्याजवळ उंच स्टूल या बदलांना फार पैसा लागत नाही, आणि त्यांनी परावलंबन कमी होते. गृहनिर्माण संस्थेने जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावला, तर तो इमारतीतल्या साऱ्या वृद्धांच्याही उपयोगी पडतो.

आहार : गिळताना ठसका लागत असल्यास कोरडे पोहे, चिवडा टाळून मऊ, ओलसर अन्न घ्यावे. प्रेडनिसोलोन चालू असल्यास मीठ बेताचे.

मुले : बालवयातील त्वचा-स्नायुशोथ वेळीच उपचार झाल्यास बहुधा आटोक्यात येतो.

मानसिक बाजू : रुग्ण दिसायला धडधाकट असल्याने ‘आळस’ हा शेरा ऐकावा लागतो.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांची नोंद आहे. त्यांत स्नायूंचा आनुवंशिक क्षय (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) नावाने आहे, स्नायुशोथ नाही. कायमचा दुबळेपणा राहिल्यास चलनविषयक दिव्यांगत्वाखाली तपासणी करून घेता येते. बहुतेक सवलतींसाठी प्रमाण किमान ४० टक्के लागते.