खामगाव आणि अमळनेर : तेल-साबणाच्या दोन कंपन्यांतील भागधारणेचा इतिहास

मलकापूरच्या पश्चिमेस वऱ्हाडची हद्द संपते आणि खानदेश सुरू होतो. या हद्दीच्या अलीकडे खामगाव व पलीकडे अमळनेर, अशी कापसाच्या व्यापारावर वाढलेली दोन गावे आहेत. खामगावला हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीचा साबणाचा कारखाना आहे. अमळनेरला १९४५ च्या अखेरीस 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तिच्या नावाचे संक्षिप्त रूप 'विप्रो' आज सर्वश्रुत आहे. दोन्ही कंपन्यांचा मूळ धंदा खाद्य तेलाचा व त्यापासून होणाऱ्या वस्तूंचा. दोघींचे भाग मुंबईच्या रोखेबाजारात विकले जात आले. अशा कंपन्यांत घरच्या माणसांचा हिस्सा किती, विमा महामंडळ व गुंतवणूक-निधी यांच्यासारख्या संस्थांचा किती, आणि या वाटणीमुळे निर्णयाची सत्ता कोणाकडे राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रवर्तक, त्यांचे कुटुंब, त्यांच्या भागीदारी पेढ्या, आणि परदेशी कंपनीची उपकंपनी असेल तर ती परदेशी कंपनी, यांच्या हिश्श्यास येथे 'अंतःस्थ' हिस्सा म्हटले आहे. संस्थात्मक हिस्सा म्हणजे विमा, बँका, म्युच्युअल फंड व परदेशी निधी यांचा. उरतो तो सामान्य भागधारक. बर्ल व मीन्स या अमेरिकन लेखकद्वयाने १९३२ साली असे प्रतिपादन केले की, मोठ्या कंपन्यांत भाग इतक्या लोकांत विखुरले जातात की मालकी एकाकडे व सत्ता दुसऱ्याकडे, म्हणजे पगारी व्यवस्थापकांकडे, जाते. आपल्या विद्यापीठांतून हे मत बराच काळ जवळजवळ सिद्धान्त म्हणून शिकविले गेले. खामगाव-अमळनेरच्या उदाहरणांस ते लागू पडत नाही. या दोन्ही ठिकाणी मालकी फारशी विखुरलीच नाही.

प्रथम अमळनेर. बोरी नदीकाठचे हे गाव तेव्हा मुंबई प्रांताच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. सुरत-भुसावळ लोहमार्ग, प्रताप मिल आणि भोवतालचा भुईमूग यांमुळे येथे तेलाचा कारखाना चालण्याजोगा होता. महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी कंपनी नोंदविली व पुढच्याच वर्षी तिचे भाग लोकांस विक्रीस काढले. 'सनफ्लॉवर' नावाचे वनस्पती तूप व '७८७' छापाचा धुण्याचा साबण ही तिची पहिली उत्पादने होत. भुईमुगाचे तेल निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजनने घट्ट करण्याची ही विद्या तेव्हा नवी नव्हती. लिव्हरचा 'डालडा' १९३७ पासून बाजारात होता.

ऑगस्ट १९६६ मध्ये महंमद हाशम प्रेमजी निवर्तले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धे सोडून परतले. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभे राहून, 'हा व्यवसाय तुम्हांस झेपणार नाही, आपले भाग विकून टाका,' अशा आशयाचे बोल त्यांस सुनावले, ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे सांगितली आहे. इतिहासाच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. भागधारकास बोलता आले; ठरविता मात्र आले नाही, कारण निर्णायक मते प्रेमजी कुटुंबाकडे होती. भाग खरोखर विखुरलेले असते तर त्या सभेचा शेवट कसा झाला असता, हे सांगता येत नाही.

हा अंतःस्थ हिस्सा मोजताना अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. अझीम प्रेमजी यांच्या वैयक्तिक नावावरील भाग एकूण भागांच्या थोड्याच टक्क्यांइतके होते. मोठा साठा हाशम ट्रेडर्स, प्राझिम ट्रेडर्स व झाश ट्रेडर्स या भागीदारी पेढ्यांच्या नावे होता. केवळ व्यक्तीचे नाव शोधणाऱ्यास मालक सापडणार नाही. पेढ्यांची बेरीज केली म्हणजे तीन-चतुर्थांशांहून अधिक हिस्सा दिसू लागतो.

अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी हे भाग पिढ्यान् पिढ्या जपले, व ते श्रीमंत झाले, ही कथा वृत्तपत्रांतून वारंवार येते. ती खोटी नाही. १९९७ पूर्वीचा दहा रुपयांचा एक भाग घेऊ. १९९७ च्या बोनसने एकाचे तीन झाले. १९९९ मध्ये दहाच्या भागाचे दोन रुपयांचे पाच भाग केल्याने पंधरा. २००४ मध्ये पंचेचाळीस. २००५ मध्ये नव्वद. २०१० मध्ये दीडशे. २०१७ मध्ये तीनशे. २०१९ मध्ये चारशे. आणि २०२४ च्या डिसेंबरात आठशे. परंतु बोनस भाग सर्वांस सारख्याच प्रमाणात मिळतात. अमळनेरच्या शिक्षकाच्या एका भागाचे आठशे झाले तेव्हा हाशम ट्रेडर्सच्याही प्रत्येक भागाचे आठशे झाले. संपत्ती वाढली, मतांचे प्रमाण जसेच्या तसे राहिले. कुटुंबाने नवे भाग काढून बाहेरचे भांडवल फारसे घेतले नाही, हेच त्याचे वर्चस्व टिकण्याचे मुख्य कारण होय. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदणी झाली, तेव्हाही विक्रीस काढलेला हिस्सा अल्पच होता.

मग संस्थांचे काय? आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये, युनिट ट्रस्ट १९६४ मध्ये स्थापन झाले. परदेशी निधींस १९९२ मध्ये भारतीय बाजार खुला झाला. अमळनेरच्या कंपनीत त्यांच्या वाट्यास उरला तो एक-चतुर्थांशाच्या आतला हिस्सा, आणि त्यातही सामान्य भागधारक वाटेकरी.

खामगावच्या बाजूचे चित्र निराळ्या रंगाचे, पण त्याच जातीचे आहे. हिंदुस्थान व्हनस्पती मॅन्युफॅक्चरिंग, लिव्हर ब्रदर्स व युनायटेड ट्रेडर्स या तीन कंपन्या एकत्र करून १९५६ मध्ये हिंदुस्थान लिव्हर स्थापन झाली, आणि भागभांडवलाचा दहावा हिस्सा भारतीय जनतेस देऊ करण्यात आला. परदेशी कंपनीच्या उपकंपनीने असे करणे तेव्हा नवलाचे होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी हिश्श्यास सामान्यतः ४० टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही युनिलिव्हरने ५१ टक्के राखण्याची परवानगी मिळविली. अमळनेरात अंतःस्थ म्हणजे एक कुटुंब. येथे अंतःस्थ म्हणजे लंडन व रॉटरडॅम. सत्तेच्या दृष्टीने फरक इतकाच की अर्ध्याहून थोड्या अधिक मतांनी संचालक नेमता येतात, पण विशेष ठराव मंजूर करता येत नाही. त्यास तीन-चतुर्थांश मते लागतात.

या तीन-चतुर्थांशांच्या रेषेभोवतीच २०१३ या एकाच वर्षी दोन्ही कंपन्यांत महत्त्वाच्या घटना घडल्या. जानेवारीत हिंदुस्थान युनिलिव्हरने मूळ कंपनीस द्यावयाचे स्वामित्वशुल्क उलाढालीच्या सुमारे १.४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. लाभांश सर्व भागधारकांत वाटला जातो, स्वामित्वशुल्क केवळ एकाकडे जाते. म्हणून अंतःस्थ भागधारकाचे हित इतरांच्या हिताहून कोठे वेगळे होते, हे पाहावयास याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. अशा व्यवहारांविषयीचे कडक नियम २०१४ नंतर आले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस युनिलिव्हरने दर भागास ६०० रुपये देऊ करून आपला हिस्सा सुमारे ५२.५ वरून ७५ टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. पुरेसे भाग आले नाहीत. हिस्सा ६७.२८ टक्क्यांवर थांबला. संस्था व सामान्य भागधारक यांपैकी बऱ्याच जणांनी भाग न विकणेच पसंत केले, आणि विशेष ठराव अडविण्याची शक्ती त्यांच्या हाती राहिली. मतदान न करता, केवळ न विकल्याने घडलेला हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटतो.

अमळनेरच्या कंपनीस हीच रेषा उलट दिशेने ओलांडावयाची होती. २०१० च्या नियमाने खाजगी प्रवर्तकांच्या सूचिबद्ध कंपन्यांत किमान २५ टक्के भाग जनतेकडे असणे आवश्यक केले, व त्यासाठी जून २०१३ ची मुदत दिली. विप्रोचा धंदा तोवर संगणकाचा झाला होता. तेल-साबणाचा विभाग त्यातील एक लहान अंग होते. ३१ मार्च २०१३ पासून हा विभाग अन्य काही विभागांसह 'विप्रो एंटरप्रायझेस' या वेगळ्या कंपनीकडे गेला, आणि ती कंपनी रोखेबाजारात नोंदविली गेली नाही. विप्रोच्या पाच भागांमागे नव्या कंपनीचा एक भाग मिळावयाचा होता. तो नको असल्यास परतफेडीचा अग्रहक्क भाग घ्यावा, अथवा नव्या कंपनीचे १.६५ भाग देऊन प्रवर्तकांकडून विप्रोचा एक भाग घ्यावा, असे पर्याय होते. तिसऱ्या पर्यायाने प्रवर्तकांचा विप्रोतील हिस्सा कमी होई व तेलकंपनीतील वाढे. नियमाचे पालन झाले. ज्या तेलकंपनीचे भाग १९४६ मध्ये लोकांस विकले होते, तिचा मूळ धंदा सदुसष्ट वर्षांनी बाजारातून बाहेर पडला. खानदेशातील जुन्या भागधारकाकडे संगणकाच्या कंपनीचे भाग उरले. गावातील कारखान्यात वाटा ठेवावयाचा तर तो बाजारभाव नसलेल्या कागदाच्या रूपात ठेवावा लागे.

अंतःस्थ हिश्श्याचा अर्थही याच सुमारास बदलत होता. डिसेंबर २०१० मध्ये प्रेमजींनी सुमारे २१ कोटी ३० लक्ष भाग शिक्षणकार्याच्या न्यासाकडे दिले. पुढेही दाने होत राहिली. आणि मार्च २०१९ मध्ये आणखी ३४ टक्के भागांचा आर्थिक लाभ सोडल्याने कंपनीच्या ६७ टक्के भागांचे उत्पन्न लोकोपयोगी कार्यास लागले. लाभ सोडला तरी हे भाग प्रवर्तक-गटातच मोजले जातात. टाटा सन्समध्येही न्यासांकडे सुमारे दोन-तृतीयांश भाग आहेत, हे येथे स्मरणीय आहे. म्हणजे उत्पन्न शाळा-शिक्षकांच्या कामास जाते आणि मतांची बेरीज पूर्वीच्याच गटात राहते. अशा न्यासास संस्थात्मक भागधारक म्हणावे की अंतःस्थ, याचे उत्तर बाजाराच्या तक्त्यांनी आपल्यापुरते दिले आहे. इतिहासकाराने ते मानलेच पाहिजे असे नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. १९१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीस दरवर्षी भागधारकांची यादी, त्यांचे पत्ते व व्यवसाय यांसह, निबंधकाकडे दाखल करावी लागे. १९४६ नंतरच्या पहिल्या दहा वर्षांच्या अशा याद्या ज्यास पाहावयास मिळतील, त्याने प्रथम अमळनेर, धरणगाव, जळगाव, मलकापूर व खामगाव हे पत्ते वेगळे काढावेत आणि त्यांपुढील व्यवसायाचा रकाना वाचावा.