बंद ब्लोअर आणि नत्राची दीडशे वर्षांची गोष्ट

परवा गावाबाहेरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर गेलो होतो. हौद शांत, ब्लोअर बंद. विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "साहेब, लाइट बिल परवडत नाही. वरून सांगतील तेवढाच वेळ लावतो." बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं होतं. पण खाली नदीत पाहावं तिकडे जलपर्णी.

या जलपर्णीला खत आपणच घालतो. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो पाण्यात विरघळून राहतो. गाळून निघत नाही, तळाशी बसत नाही. मग तो काढायचा कसा?

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू-चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीसेक दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम ठप्प! म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं. १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

पुढची पायरी मँचेस्टरची. आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्यांदा पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, पण खालचा गाळ विरजणासारखा ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. असं करत करत तेच काम चोवीस तासांत व्हायला लागलं. १९१४ साली त्यांनी हे जाहीर केलं. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे येऊनही शंभर वर्षं उलटली.

पण नायट्रेट झालं म्हणजे नत्र गेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले. तो घालवायला दुसरे जिवाणू लागतात. हवा नसली की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन आकाशात जातो. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बार्नर्ड यांनी याची घडी बसवली: हवेच्या हौदातलं पाणी पुन्हा पुढच्या बिनहवेच्या हौदात फिरवायचं, तिथे ताज्या सांडपाण्यातून जिवाणूंना खाद्य मिळतं.

म्हणजे बघा, हवा बंद ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे. फक्त ती कधी आणि किती वेळ बंद ठेवायची, हे पाण्यातला ऑक्सिजन आणि अमोनिया मोजून ठरतं, लाइट बिल बघून नाही. एक किलो अमोनियातल्या नत्राला साधारण साडेचार किलो ऑक्सिजन लागतो. शिवाय अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. एकदा मेले, की आठवडे वाट बघा.

कागदावर काय आहे? केंद्राच्या २०१५ च्या मसुद्यात एकूण नत्राला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळाली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा कडक निकष लावायला सांगितलं.

म्हणून मी अर्ज टाकतोय. मागणी तीनच गोष्टींची: ब्लोअर रोज किती तास चालतो, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया किती, नायट्रेट किती. उत्तर आलं की इथेच टाकेन. तुमच्या गावात केंद्र असेल तर तुम्हीही विचारा. पाणी नितळ दिसतं, एवढ्यावर समाधान मानू नका.