अंगठा तोच, यंत्र नवे

'अंगठेबहाद्दर' हा आपल्याकडचा जुना टोमणा. पण खेड्यातल्या इलेक्ट्रॉनिक बँकिंगचा इतिहास सांगायचा, तर मला अंगठ्यापासूनच सुरुवात करावी लागते. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. गडी पुढे नाकबूल होऊ नये म्हणून! दीडशे वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे बँकमित्र छोटे यंत्र घेऊन गावोगाव जाऊ लागला. बोट टेकवा, पैसे घ्या. तालुक्याची खेप वाचली, सही येत नसल्याची लाजही. मात्र ऊसतोडीत, वीटभट्टीवर झिजलेली बोटे यंत्राला पुष्कळदा ओळखूच येत नाहीत. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटला नाही, असे मी तरी कधी ऐकले नव्हते.