पीक राखणीसाठी नवी बंदूक : परवाना, खरेदी आणि तिच्यात करता येणारे बदल, शेतकऱ्यांना माहीत असायलाच हवं असं सगळं

भात पोटरीला आलं की सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये रात्रीची झोप उडते. एका रात्रीत रानडुकरांचा कळप कोपऱ्यातलं शेत नांगरल्यासारखं उकरून टाकतो. केळी, सुरण, भुईमूग, नवी लावलेली नारळ-सुपारीची रोपं, काहीच सुटत नाही. मग पारावर, दुकानावर एकच विषय निघतो, 'यंदा बंदुकीचा परवाना काढायचाच.' पण परवाना कोण देतो, कुठली बंदूक मिळते, घेतल्यावर तिच्यात काय बदलता येतं आणि काय केलं तर थेट जेल, याची नीट माहिती फार थोड्यांना असते. ऐकीव माहितीवर चालणारे बरेचजण अडकतात. म्हणून ही सविस्तर माहिती.

कायदा कोणता?

बंदुकीचा सगळा व्यवहार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याखाली चालतो. ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. पोलीस ठाणे फक्त चौकशी करून अहवाल पाठवते. 'ठाण्यातून परवाना काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये.

अर्जदाराचं वय २१ वर्षं पूर्ण असावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन गोष्टी बदलल्या. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. आजोबांची जुनी बंदूक वारसाने आपल्या नावावर असेल तर तीही या दोनमध्येच मोजली जाते.

शेतकऱ्याला कुठली बंदूक मिळते?

इथे बहुतेकांची गल्लत होते. मोबाईलवर विलायती व्हिडिओ बघून काही तरुणांना खालचा लिव्हर ओढून काडतूस भरणारी रायफल हवी असते. अमेरिकेत ती सर्रास मिळते. आपल्याकडे सामान्य माणसाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही आणि पीक राखणीच्या परवान्यात रायफल बसतही नाही.

कायद्याचं कलम १३ याबाबत स्पष्ट आहे. पीक संरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात, म्हणून ती या सवलतीत येत नाही.

याचा अर्थ काय? काडतुसाची बंदूक हवी असेल तर ती का हवी हे अर्जात लिहावं लागतं. कोकणात याचं कारण उघड आहे. पावसाळ्यात ठासणीची दारू ओलावते, केप फुटत नाही आणि एक बार वाया गेला की पुन्हा ठासेपर्यंत जनावर पसार होतं. हे चार ओळीत साध्या भाषेत लिहावं. नुसतं 'पीक संरक्षणासाठी' एवढंच लिहिलेला अर्ज कमकुवत ठरतो.

अर्जाला काय जोडायचं?

अर्ज आता एनडाल-एलिस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. मंजूर परवान्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी, हे तर लागतंच. त्याशिवाय शेतकऱ्याने ही कागदपत्रं तयार ठेवावीत :

– सातबारा आणि आठ-अ उतारा. जमीन सामाईक असेल तर बाकी खातेदारांची लेखी संमती असलेली बरी.

– मागच्या दोन-तीन वर्षांत वन विभागाने नुकसानीचे पंचनामे केले असतील तर त्यांच्या प्रती. भरपाई मिळाली असेल तर तिचाही पुरावा.

– शेत, गोठा आणि जंगलाची हद्द दाखवणारा साधा नकाशा.

पंचनामे हा सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून बंदूक घ्यायची असो वा नसो, नुकसान झालं की दुसऱ्याच दिवशी वनपालाकडे तक्रार करावी आणि पोच घ्यावी. 'भरपाई चार पैसे मिळते, कोण जातो हेलपाटे मारायला' म्हणून जे गप्प बसतात, त्यांच्याकडे अर्जाच्या वेळी दाखवायला काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट. गाव अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती असल्याशिवाय नवा परवाना देता येत नाही. राधानगरी अभयारण्याला लागून असलेल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांनी हे आधीच तपासून घ्यावं. नाहीतर अर्ज तिथेच अडकून राहतो.

अर्ज नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्येच आहे. त्यामुळे अर्धा एकरवाल्याने मागे सरायचं कारण नाही. नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं.

दुकानात गेल्यावर

परवाना हातात आला की त्यावर लिहिलेल्या मुदतीत परवानाधारक दुकानातूनच बंदूक घ्यायची. काडतुसाच्या बंदुकीत दोन प्रकार चालतात. एकनळी, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एसबीबीएल, आणि दुनळी, म्हणजे डीबीबीएल. दोन्ही साधारण १२ बोअरच्या. बारा हा आकडा कसा आला? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती १२ बोअर. नळीचं आतलं माप अंदाजे साडेअठरा मिलिमीटर येतं.

राखणीला एकनळी हलकी आणि स्वस्त पडते. दुनळीत दुसरा बार लगेच हाताशी असतो, पण वजन वाढतं. पासष्टीच्या माणसाने रात्रभर माळ्यावर दुनळी सांभाळणं सोपं नाही. घेणाऱ्याने आपलं वय आणि खांदा बघून ठरवावं.

घेताना या गोष्टी बघाव्यात :

– नळी उजेडाकडे धरून आतून बघावी. पोचा, गंजाचे डाग, ओरखडा दिसता कामा नये.

– बंदूक मिटवल्यावर बिजागरीत खुळखुळ असू नये.

– नळीवर चाचणीचा शिक्का आणि चेंबरची लांबी कोरलेली असते ती वाचावी. ६५ मिलिमीटर चेंबरच्या बंदुकीत ७० मिलिमीटरचं काडतूस घालू नये. ते आत बसतं, पण फुटताना उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याइतका वाढतो. जुन्या बंदुकांच्या बाबतीत तर हे फारच सांभाळावं.

– नळीचं तोंड किती आवळलेलं आहे, म्हणजे चोक किती, ते विचारावं. पूर्ण चोकच्या नळीतून एकच मोठी गोळी असलेलं काडतूस मारू नये.

– बंदुकीवरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढवलेला नंबर, तिन्ही एकच आहेत हे दुकानातच ताडून बघावं. एक आकडा चुकला तरी पुढे नूतनीकरणाच्या वेळी वर्षभर हेलपाटे.

काडतुसं किती घ्यायची याचा आकडा परवान्यावरच असतो, एका वेळी किती आणि वर्षात किती. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे जास्त ओळखीची. छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे लक्षात ठेवावं. घेतलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशोब वहीत ठेवावा.

बदल काय करता येतात?

नवी बंदूक प्रत्येकाच्या अंगाला बसतेच असं नाही. दस्ता लांब असेल तर खांद्याला लावताना तो अंगरख्यात अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. असे बदल करून घेता येतात :

– दस्ता थोडा कमी करणे किंवा मागे रबरी गादी बसवून वाढवणे. गादीमुळे धक्काही कमी बसतो.

– खांद्याला अडकवायला पट्टा आणि त्याच्या कड्या.

– नळीच्या टोकावरची माशी पडली किंवा दिसत नसेल तर नवी बसवणे.

– लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजणे. पावसाळी हवेत लाकूड फुगत नाही.

मात्र हे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं. बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही कायद्याने परवाना लागतो. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी त्याच्या भात्यावर बंदूक नेली तर तो आणि मालक दोघंही अडचणीत येतात. बंदूक दुरुस्तीला दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची असेल तर परवानाधारकाची लेखी चिठ्ठी सोबत असलीच पाहिजे.

हे अजिबात करू नये

पहिली गोष्ट, नळी कापणे. 'आखूड केली की झाडीत वळवायला बरी' म्हणून कुणी नळी कापतो. कलम ६ प्रमाणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. परवाना असला तरी सुटका नाही.

दुसरी, आवाज कमी करणारी नळकांडी. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा आवाज किंवा ठिणगी कमी करणारं साधन हे स्वतःच 'बंदूक' धरलं जातं. म्हणजे ते घरात सापडलं तरी बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा.

तिसरी, लग्नात, गणपतीत किंवा निवडणुकीच्या विजयात हवेत बार काढणे. याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चौथी, मुलाच्या किंवा गड्याच्या हातात बंदूक देऊन राखणीला पाठवणे. परवाना बापाच्या नावावर असेल तर बंदूक बापाचीच. मुलाला वापरायची असेल तर त्याचं नाव रीतसर परवान्यावर चढवून घ्यावं.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

हे सगळ्यात महत्त्वाचं. बंदूक कायदेशीर असली तरी जनावर मारायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते. वन्यजीव कायद्यातील बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती आधी घ्यायची, नंतर नव्हे. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. मटण वाटून घेतलं तर राखणदाराचा आरोपी होतो. गवा, हत्ती, मोर हे पहिल्या अनुसूचीत, त्यांच्यावर बंदूक रोखण्याचा विचारही करू नये.

हवेत बार काढून जनावर पळवणं हाच बऱ्याचदा राखणीचा खरा उपयोग असतो. तोही वस्तीच्या, रस्त्याच्या दिशेने नको.

घरात ठेवताना

बंदूक रिकामी करून, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नळीत गज फिरवून तेलाचा बोळा द्यावा. नळीत कुंभारणीचं घर किंवा चिखल अडकलेला असताना बार काढला तर नळी फुटते. म्हणून काडतूस घालण्याआधी दर वेळी नळीतून आरपार बघावं.

निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा कराव्या लागतात असा समज आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. जामिनावर असलेले, गुन्ह्याची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले यांच्यावर मुख्य नजर असते. भात कापणीच्या तोंडावर नोटीस आली तर शेतकऱ्याने समितीकडे लेखी अर्ज करून आपली अडचण मांडावी. पण आदेश निघाला तर बंदूक वेळेत जमा करून पावती घ्यावी.

परवानाधारक वारला तर बंदूक कपाटात तशीच ठेवू नये. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली आणि बंदूक माळ्यावर, असं निघालं तर तो बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा आहे आणि त्याला दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे.

आणि शेवटी

रानडुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात नव्या नाहीत. मेलेला बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, राखणीला गेलेला शेजारी नाहीतर सोबतचाच गडी. झाडी हलली म्हणून बार काढायचा नाही. बॅटरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही. रात्री कोण कुठल्या माळ्यावर आहे हे वाडीतल्या सगळ्यांनी संध्याकाळीच एकमेकांना सांगून ठेवावं. कुंपणाच्या तारेत वीज सोडणं किंवा पिठात गावठी बॉम्ब ठेवणं हा तर बंदुकीला पर्याय नव्हेच. ती तार रात्री जनावर आणि माणूस यात फरक करत नाही.

बुडालेलं पीक पुढच्या वर्षी पुन्हा उभं करता येतं. वाडीतला माणूस गेला तर तो परत येत नाही, आणि बार काढणाऱ्याचं घरही त्याच रात्री मोडतं.